शिट्टीने कंपनी बुडाली नाही

फोरबर्ग, नेदरलँड्स,
फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप यशोधनदादास सरलाचा नमस्कार. (साष्टांग नाही. माझे गुडघे धरलेत आणि इथल्या जमिनी गार.) तुझी शुगर कशी आहे, मेधावहिनींची कंबर कशी आहे, दोघं उगाच बाहेर फिरत नाही ना, हे विचारायचं असतं म्हणून विचारलं. उत्तर फोनवर दे. आम्ही ठीक. ऋजुताच्या बाळंतपणाला म्हणून थोड्या दिवसांसाठी आलो ते वर्ष होत आलं. विमानं बंद झाली, मग सुरू झाली, मग परत बंद. ऋजुता वर दार लावून ऑफिस करते, मी खाली बाळाचं, आपल्या गुंजनचं, बघते, आणि तुझे मेव्हणे मोरेश्वरराव खिडकीत बसून सायकली बघतात. आता रात्री नऊनंतर बाहेर पडायलाही बंदी आहे. तसे आम्ही पाचनंतरच पडत नाही, पण सरकारने सांगितलं की माणसाला नेमकं तेव्हाच बाहेर जावंसं वाटतं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक डच माणूस राहतो. नाव श्यूर्ट. मी त्याला शॉर्टराव म्हणते आणि तो दारातून वाकून येतो इतका उंच आहे. त्याच्या खिडकीत यांना फिरताना एक कॉम्प्युटर दिसला, रबरी बटणांचा, तुझ्या आणि यांच्या कंपनीत होता अगदी तसला. हे तिथेच थांबले. इथे लोक दुसऱ्याच्या खिडकीत बघत नाहीत (पडदेही लावत नाहीत, मग बघायचं नाही तर करायचं काय), म्हणून तो बाहेर आला. दोघं दीड मीटर लांब उभे राहून तासभर बोलले. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत हे माझ्याशी सलग इतकं बोललेले नाहीत. तर हा शॉर्टराव जुन्या घरगुती कॉम्प्युटरांच्या एका छोट्या संग्रहालयात हौसेने काम करतो. संग्रहालय सध्या बंद आहे, म्हणून त्याला वेळच वेळ. त्याला तुमची कंपनी फार आवडली. जगात कुठे कुठे कुणी घरात बसून खेळ बनवले, त्याचे तो फलक लावणार आहे, त्यात एक तुमचा. त्याने तुला ईमेल केली आणि तू चार पानं इंग्रजीत पाठवलीस. ऋजुताने ती मला मराठीत सांगितली. तीन पानं तू, चौथ्यावर हे, आणि शेवटच्या ओळीत मी आणि माझा कुकर.

दादा, मी सातवीपर्यंत शिकले. पण कंपनी माझ्या ओट्यावर चालली, त्यामुळे इतिहास मलाही ठाऊक आहे. हे रेडिओ दुरुस्त करायचे, तुझे मित्र म्हणून आपल्या घरी यायला लागले आणि माझे नवरे झाले. पुढे तू कुणा परदेशवाल्याकडून तो कॉम्प्युटर आणलास आणि म्हणालास, आता आपण कॅसेटींवर खेळ भरून विकायचे. नाव ठेवलंस यशोमोर. यशोधनमधला यश, मोरेश्वरमधला मोर. (माझं नाव कुठेच नव्हतं. कॅसेटींवर लेबलं मी चिकटवली, गव्हाच्या खळीने. तिला मुंग्या लागल्या तेव्हा मात्र कंपनीत माझं नाव निघालं.) यांनी पुस्तक वाचून वाचून एकच खेळ बनवला, चोर मांजर. मांजर फळीवरचं दूध पितं आणि वरून लाटणं पडतं. मांजर चौकोनांचं होतं, लोकांना ती घूस वाटायची. लाटणं लागलं की टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत यायचं, एक जीव गेला. निगडीच्या एका बाई कॅसेट परत घेऊन आल्या, सकाळी सकाळी घरात असलं अभद्र नको म्हणाल्या. मग तू यांना सांगून एक जीव दमला असं करून घेतलंस. एवढं सगळं तू शॉर्टरावला लिहिलंस का? नाही. तू लिहिलंस भारतीय बाजारपेठेचं भान.

आणि मग कुकर. कॅसेटी भरायला दोन टेपरेकॉर्डर एका वायरीने जोडायचे, असं चाललं होतं. एक दिवस तू तोंड पाडून आलास, उंदराने वायर कुरतडली म्हणालास. तसली वायर मिळेना. म्हणून तुम्ही दोन्ही टेपरेकॉर्डर एकमेकांकडे तोंड करून माझ्या ओट्यावर ठेवले, कारण प्लग तिथेच, आणि वरून आजीची गोधडी घातलीत. खेळाची कॅसेट लावली की नुसती किंचाळी यायची, ती एकाने काढायची आणि दुसऱ्याने ऐकून भरून घ्यायची. मला सांगितलंत, आवाज करू नकोस. घरात चार माणसं जेवायची, सरला काय हवेवर वरण शिजवणार? शिट्ट्या झाल्या. त्या सगळ्या कॅसेटी परत आल्या, एकही टीव्हीवर चालली नाही, कंपनी बंद. तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न, मुंज, बारसं असो, पंगत बसली की तू सांगतोस, आमची कंपनी सरलाच्या कुकरने बुडवली, आणि वहिनी तोंडाने शिट्टी वाजवून दाखवतात. चांगली वाजवतात, ते मी नाकारत नाही. मीही हसते. लोकांसमोर काय करणार? पण आता तेच भिंतीवर येणार आहे, डचमध्ये. गुंजन इथेच वाढणार, इथल्या शाळेत जाणार, आणि एक दिवस वर्गाबरोबर तिथे जाऊन वाचणार की आजीने कंपनी बुडवली. ते मला चालणार नाही.

परत आलेल्यांतली एक कॅसेट ऋजुताने शोभेची म्हणून इथे कपाटात ठेवली आहे. ती शॉर्टराव घेऊन गेला. मागच्या रविवारी आमच्या दारात सायकल उभी करून, तोंडाला मास्क लावून, त्याने ती आम्हाला बाहेरूनच ऐकवली. आधी ती किंचाळी, मग कुकर (तीन शिट्ट्या, डाळ होती), मग परत किंचाळी. तो यांना म्हणाला, तोंडाला तोंड लावून भरलेली कॅसेट रिकाम्या देवळात ठेवली असती तरी चालली नसती, शिट्टीचा काही संबंध नाही. मी म्हटलं हे लिहून दे. आणि मग त्याने विचारलं की शेवटी हे दोन पुरुष काय बोलतायत. दादा, तुम्ही टेप चालू ठेवून बोलत होतात. गोधडीतूनही तुझा आवाज स्वच्छ येतो, तुझा आवाज लहानपणापासून शिट्टीच्या वरचा. तू म्हणतोस, मोऱ्या, वायर मेधाकडे आहे, तिला गाण्यांच्या कॅसेटी भरून देतोय, अजून आठ-दहा दिवस तरी मागता येणार नाही, सरलाला उंदीर सांगितलाय.

हे यांना माहीत होतं. मी तिथेच दारात विचारलं, इतकी वर्षं पंगतीत माझ्या शेजारी बसून जेवलात आणि एक अक्षर बोलला नाहीत? तर म्हणे, मेव्हण्याचं लग्न ठरत होतं, तुला कळलं असतं तर मोडलं असतं. मी म्हटलं, ठरलं, झालं, तुमचा भाचा तिकडे टकला झाला, आता तरी बोलायचं. तर म्हणे, मग राहूनच गेलं. शॉर्टराव आमच्याकडे बघत होता. त्याला कळलं नाही पण तो दोन पावलं मागे सरकला, म्हणजे साडेतीन मीटर.

तर तू एक कर. त्याला स्वतः दुसरी ईमेल लिही. उंदीर नव्हता, वायर मीच नेली होती, कुकरचा दोष नाही, एवढ्या तीन ओळी. भारतीय बाजारपेठ नको. फलक पुढच्या आठवड्यात छापायला जातो. कंपनी बुडाली त्याचं मला वाईट वाटत नाही, मुंग्या गेल्या. तू वहिनींसाठी वायर नेलीस याचंही नाही. यांनी माझ्यासाठी साधा प्लगसुद्धा हलवला नाही. पण त्या कुकरातलं वरण तुम्ही दोघांनी रोज दोनदा मागून खाल्लंत, तेवढं लक्षात ठेव.

लिहिताना काही चुकलं असेल तर चुकू दे.

तुझी बहीण,
सरला

ता. क. शॉर्टराव विचारतो, तो कुकर आहे का, काचेच्या कपाटात ठेवू. तिकडचं घर आवरताना मी तो वहिनींना दिला होता, त्यात अजून त्यांची डाळ शिजते. विमानं नीट सुरू झाली की पाठव. रिंग नवीन घालू नकोस, जुनीच राहू दे.

ता. क. दुसरा. तुझ्या फोनवर फोटो उघडत नाहीत असं तू नेहमी सांगतोस, म्हणून ही पानं फोटो काढून वहिनींच्या फोनवर टाकतेय. वहिनी, नमस्कार. दादाला आधी चष्मा द्या आणि मग वाचून दाखवा. शिट्टी पुढच्या लग्नातही वाजवा, फक्त गोष्ट बदला. आणि त्या गाण्यांच्या कॅसेटी अजून असतील तर लावून बघा. आवाज छान असेल. वायरीने भरल्यात.