बावीस पत्रिकांचे पत्ते

खांदा कॉलनी, पनवेल
दि. ८ फेब्रुवारी २०२५

चि. भामास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्र. नात मागे सांगत होती, भविष्य सांगायचे टॅरोचे पत्ते बाजारात बाराशेला मिळतात. तिच्या मोबाइलवरची चित्रं बघून मी ते घरीच केले. स्केचपेन तीस रुपयांचं. कागद जुन्या लग्नपत्रिकांचा, फुकट. पण फुकट कसा म्हणू? बावीस पत्रिका, दर लग्नाला पाचशेचा आहेर. गड्डी पडली अकरा हजार तीसला. जेवणं वजा कर हवं तर.

आता बिल्डिंगमधल्या बायका विचारायला येतात. काल वरची हेतल आली. नवऱ्याची बदली होईल का म्हणाली, आणि चहा उकळेपर्यंत सासूपासून सगळं स्वतःच सांगून बसली. मी फक्त तिचं तिला परत दिलं. पळस्प्याला पंक्चरच्या दुकानात चाळीस वर्षं टायरची हवा कुठून जाते ते कानाने ओळखलं, माणसाचं काय अवघड? मैना गेल्यापासून बेल बंदच होती. बेलला नवी बॅटरी घातली.

आणि एक सांगतो, चार महिन्यांत माझ्या हातून मरणाचं पान एकदाही निघालेलं नाही. असा हात सगळ्या पनवेलीत नसेल.

तू कधी येतेस? इथे खोल्या तीन आणि माणूस एक. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आनंदादादा

पोयनाड
दि. १५ फेब्रुवारी

ती. दादास भामाचा सा. न. वि. वि.

पत्र सुनेने दोनदा वाचू दिलं नाही, म्हणाली डोळेही जातील. तुझा हात मला ठाऊक आहे. होळीला पत्ते खेळताना गुलाम मांडीखाली कोण ठेवायचं?

तुला कळवलं नव्हतं. पोटात गाठ आहे. पनवेलच्या डॉक्टरांनी तीन मार्चला ऑपरेशन सांगितलंय. सत्यजीत पोरगा रोज विनवतो, मी रोज नाय म्हणते. आपली आई टेबलावरून परत आली नव्हती, ते मी विसरले नाही.

तर माझ्यासाठी एकदा पत्ते काढ. मरण निघालं नाही, तर येते आणि नंतर महिनाभर तुझ्याकडेच राहते. निघालं तर इथेच बरी. खोटं कळवशील तर तुला मैनावहिनीची शपथ. मरणाचं चित्र काय काढलंस, तेही लिही.

चुकलं तर रागव, पण विसरू नकोस.

तुझी,
भामा

खांदा कॉलनी
दि. २० फेब्रुवारी

चि. भामास अनेक आशीर्वाद.

आंघोळ करून, मैनेच्या फोटोसमोर बसून तीन पानं काढली. सूर्य, रथ, तारा. पुन्हा पिसून काढली, तरी मरण नाही. दोन तारखेला एसटी स्टँडवर उभा राहीन. तुझ्यासाठी आतली खोली झाडून ठेवली आहे, तांदूळही जुना आणलाय. डॉक्टरांना मी भेटून आलो. आईच्या वेळचं काही आता राहिलेलं नाही, असं ते म्हणाले. बोलताना आवाज कुठे अडखळला नाही, मी कान देऊन ऐकत होतो.

वाट बघणाऱ्याला फार ताटकळत ठेवू नये.

तुझा,
आनंदादादा

ता. क. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. शपथ नको होती घालायला.

लग्नाच्या पत्रिका बावीस लिहिल्या, पण एक कमी होती. पत्ते करताना शेवटी मरणाचं पान राहिलं, आणि डब्यात कागद एकच उरला होता: मैनेच्या उत्तरकार्याची पत्रिका. अशी पत्रिका घरात ठेवत नाहीत, वाचून फाडतात. माझ्याच्याने फाडवली नाही. पाठ कोरी होती, पण पेनही टेकवलं नाही. ती तिथेच, डब्यात आहे. तू विचारलेलं चित्र मी काढलेलंच नाही.

पत्त्यांसाठी नको, माझ्यासाठी ये. तुझ्याजवळ बसायला मी आहे, आणि मलाही कुणीतरी हवं आहे.

गड्डीत पानं एकवीसच आहेत.