काचेतला समुद्र आणि विभूतीची चिमूट

मी, शंभुलिंग कल्याणप्पा कलशेट्टी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा खत-बियाणे विक्री, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तेवढे शाबूत राहिले नाही असे सोलापूरच्या डॉक्टरांचे म्हणणे आहे, म्हणून ही घाई. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो बुद्धीबद्दलचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायची वेळ आली तर सगळे श्रीशैलच्या नावाने एका ओळीत होईल असे मला वाटत होते.

कलम १. माझी पत्नी प्रेमाबाई, माहेर आळंद, ही माझी एकमेव वारस आहे. ती मराठी बोलते पण वाचत नाही, तिची अक्षरे कानडी आहेत. आमचा एकुलता मुलगा श्रीशैल मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. सहा वर्षांपूर्वी वादळात तो जहाजावरून समुद्रात पडला. कंपनीने काही दिवस शोध घेतला आणि मग शोध थांबवल्याचे कळवले.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. अंगाला विभूती फासून, बेल वाहून, बसवून मातीच्या स्वाधीन करतात. माझे आईवडील आमच्या शेतात चिंचेखाली तसेच आहेत. मठाचे रेवणसिद्ध स्वामी म्हणाले, देह नसला तरी त्याचे कपडे आणि विभूती ठेवून विधी करता येईल. खड्डा काढायला माणसेही आली होती. प्रेमाबाई बांधावर बसून होती, ती उठली आणि म्हणाली, "रिकामा खड्डा बुजवायचा न्हाय. माझं लेकरू त्यात न्हाय." माणसे टिकाव खांद्यावर टाकून परत गेली. त्या विधीसाठी मठातून आणलेली विभूतीची पिशवी आमच्या देवळीत तशीच राहिली.

कलम २. मुरुम येथील राहते घर व शेत यांचा उपभोग प्रेमाबाईने हयातभर घ्यावा. तिला कोणीही "आता एकटी कशाला राहतेस" असे म्हणू नये. ती एकटी राहत नाही, हे पुढे येईलच. तिच्यानंतर घर व शेत माझा धाकटा भाऊ धोंडप्पा याची मुलगी शुभांगी हिला मिळावे.

कलम ३. दुकान, त्यातील माल व गोदाम शुभांगीला माझ्या मागे लगेच द्यावे असे माझे ठरले आहे. ती कृषी पदवीधर आहे, दुकानाचा परवाना तिच्या नावावर होऊ शकतो. तिचे लग्न व्हायचे आहे. होणाऱ्या नवऱ्याला दुकान हवे असेल तर त्याने गल्ल्यावर नव्हे, पोती उचलायला यावे.

कलम ४. धोंडप्पा कल्याणप्पा कलशेट्टी यास माझ्या स्वयंपाकघरातील काठाला खळगा पडलेले स्टीलचे ताट द्यावे. त्याचे कारण असे. श्रीशैलने सुट्टीत घरी समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी बसवली. त्यातले मासे गोठवलेली कोळंबी खातात. आम्ही कांद्याच्या पुढे न गेलेले लोक. तरी मी कोळंबीसाठी वेगळा छोटा फ्रीज घेऊन पडवीत ठेवला, त्याला वेगळी कात्री आणि वेगळा चमचा ठेवला. धोंडप्पा जेवायला बसला होता. फ्रीजमध्ये काय आहे ते कळताच तो भरल्या ताटावरून उठला. ताट लाथेने उडून भिंतीला लागले, खळगा तेव्हाचा. गावभर सांगत फिरला, "दादाच्या घरी मासळी शिजतीया." शिजत नव्हती रे, पोहत होती. पोराच्या बातमीनंतर तो आला, पण उंबऱ्याबाहेर बसला आणि पाणी प्यायला नाही. मी त्याला माफ केलेले नाही. ताट घ्यावे आणि त्यात रोज जेवावे. त्याची मुलगी मात्र आमच्या घरी जेवते, हे त्याने ध्यानात ठेवावे.

कलम ५. आता टाकीबद्दल. माझ्या इस्टेटीत मला काळजी आहे ती एवढ्याच एका वस्तूची, म्हणून हे कलम लांबेल.

सदर टाकी बैठकीच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला आहे. त्यात दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे आणि खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. मधल्या मोठ्या प्रवाळाला बोटांसारखी टोके असून ती पाण्याच्या लाटेबरोबर हलतात. ते श्रीशैलने लावले तेव्हा लिंबाएवढे होते, आता नारळाएवढे आहे. जाण्याआधी त्याने मला सगळे शिकवले होते. "अप्पा, तुमाला काय अवघड हाय? तुमी जन्मभर स्फुरदच विकलाव," असे म्हणाला होता.

स्फुरद म्हणजे शहरातले लोक फॉस्फेट म्हणतात ते. शेतकऱ्याला मी सांगत आलो, स्फुरद कमी पडले तर मूळ धरत नाही. टाकीत गाडी उलटी चालते. तेथे स्फुरद वाढले की काचेवर हिरवे शेवाळ चढते, प्रवाळ काळपटते आणि त्याची वाढ थांबते. म्हणून पाण्याच्या वाटेवर एका उभ्या नळीत लोहाचे गर्द तपकिरी दाणे भरलेले असतात. पाणी त्यातून जाते आणि दाणे स्फुरद धरून ठेवतात. दाण्यांची भूक भागली की ते बदलायचे. नवे दाणे शुद्ध पाण्यात धुऊन घ्यावेत, नाहीतर सगळी टाकी चहासारखी होते. सगळे दाणे एकदम बदलू नयेत. स्फुरद एकाएकी तळाला गेले तरी प्रवाळ पांढरे पडून मरते, कारण थोडे त्यालाही लागते. अर्धे जुने, अर्धे नवे, हा नियम. उपाशीही मारू नये आणि खाऊ घालूनही मारू नये.

टाकीत बोअरचे पाणी घालू नये. वीज गेली तर दुकानातला इन्व्हर्टर आणावा, गिऱ्हाईक अंधारात थांबेल.

कलम ६. हे कलम आणि पुढचे कलम प्रेमाबाईला वाचून दाखवू नये. वाचणारी शुभांगीच असेल, तिने कानडीत सांगताना येथे पाने उलटावीत.

श्रीशैल गेल्यानंतरच्या वर्षी टाकीतले स्फुरद वाढू लागले. मोठ्या प्रवाळाची बोटे आखडली. मी माशांचे खाणे कमी केले, पाणी बदलले, दाणे बदलले. स्फुरद मोजायच्या परीक्षेच्या कुपीतला निळा रंग काही उतरेना. मग मला वाटले, माझ्याच हाताला दुकानातले खत लागत असेल. मी कोपरापर्यंत हात धुऊ लागलो, दुकानातले कपडे पडवीत उतरवू लागलो. प्रेमाबाई हसून म्हणाली, "म्हातारपणी सोवळं सुचलं व्हय तुमाला?" सहा वर्षांत ती हसल्याचे मला जे थोडे आठवते, त्यातले हे एक.

एका सकाळी चष्मा विसरला म्हणून मी दुकानातून माघारी आलो. प्रेमाबाईची लिंगपूजा आटोपली होती. ती पाटावर चढून टाकीचे झाकण उचलत होती. हातात देवळीतली ती पिशवी होती, मातीत ठेवायला आणलेल्या विभूतीची. तिने चिमूट पाण्यावर सोडली आणि म्हणाली, "हच्चिको, मगा." लाव बाळा, कपाळाला. मग काचेला हात टेकून उभी राहिली. प्रवाळाची बोटे हलत होती.

विभूती म्हणजे शेणाच्या गोवरीची राख. राखेत स्फुरद असते, हे खत विकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. घरात समुद्र तेवढाच आहे. तिने लेकराला पोचवायचे तर दुसरीकडे कोठे पोचवायचे होते?

मी चष्मा न घेताच परत गेलो. त्या दिवशी गोदामात पोत्यांमागे बसून मी रडलो, आणि संध्याकाळी पुण्याहून दाण्यांचा मोठा डबा मागवला. तेव्हापासून ती रोज चिमूट टाकते आणि मी दाणे बदलतो. पिशवी संपत आली की मी मठातून तीच विभूती आणून प्रेमाबाईला न कळता तिच्यात भरतो. पिशवी संपत नाही याचे तिला नवल वाटते. एकदा म्हणाली, "देवाचीच किरपा." मी व्हय म्हणालो.

कलम ७. वरील टाकी, फ्रीज, नळी, दाण्यांचे डबे व परीक्षेच्या कुप्या मी शुभांगीला देतो, पुढील अटीवर. प्रेमाबाईच्या हयातीत टाकी त्या भिंतीपासून हलवू नये. आणि प्रेमाबाईचा हात धरू नये.

शुभांगीने एकदा पाणी तपासले आणि तिला उलगडा झाला. पोरगी हुशार आहे. मला म्हणाली, "मोठे अप्पा, मोठ्या अव्वाला सांगून टाका की. काचंला बाहीरून लाव म्हणावं. तुमी किती दिस दाणे बदलत बसणार?"

मी म्हणालो, "म्या हाय तवर."

शुभांगी, मी आता नाही, म्हणून तर हे तू वाचते आहेस. तुझे म्हणणे शास्त्राला धरून आहे. पण तिला सांगशील तर तिला एवढेच ऐकू येईल की, माझ्या हाताने मी लेकराची टाकी मारत होते. एकदा समुद्राने तिचे पोर नेले. दुसऱ्यांदा ते नेल्याचे पाप तिच्या माथ्यावर घालू नकोस. दाणे लवकर लवकर बदल आणि विभूतीच्या पिशवीवर लक्ष ठेव. मठात गेलीस की रेवणसिद्ध स्वामी काही विचारणार नाहीत, त्यांना माहीत आहे. एवढे करणे जमणार नसेल तर आत्ताच साक्षीदारांना सांग, म्हणजे दुकान दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागेल. ही धमकी नाही, विनवणी आहे. खत विकणाऱ्याला विनवणी करायची सवय नसते.

कलम ८. माझ्या अंत्यविधीबद्दल. हे कलम प्रेमाबाईला जरूर वाचून दाखवावे, सावकाश.

वापरून झालेले दाणे टाकून द्यायचे असतात. लेकराच्या टाकीतले म्हणून मी एकही टाकला नाही. श्रीशैल गेल्यापासूनचे सगळे दाणे वाळवून मी गोदामाच्या मागल्या खोलीत खताच्या रिकाम्या पोत्यांत भरून ठेवले आहेत. पोती शिवलेली आहेत, वर खडूने श्री लिहिले आहे. उंदीर लागत नाहीत.

मला चिंचेखाली माझ्या वडिलांच्या डाव्या बाजूला बसवावे. माझ्या शेजारी श्रीशैलसाठी ठरलेली जागा आहे, ती सहा वर्षे तशीच पडून आहे. माझा खड्डा काढाल तेव्हा तोही काढावा. त्यात ही पोती उसवून सगळे दाणे ओतावेत, वर बेल वाहावा आणि रेवणसिद्ध स्वामींनी राहिलेला विधी पुरा करावा. दाण्यांत माशांना घातलेल्या कोळंबीचाही अंश आहे हे मला कळते. धोंडप्पाने नाक मुरडू नये. श्रीशैल जहाजावर काय खात होता हे मीही त्याला कधी विचारले नाही.

मग शुभांगीने मोठ्या अव्वाचा हात धरून तिला काठावर आणावे. मूठभर दाणे तिच्या ओंजळीत द्यावेत आणि कानडीत सांगावे, कारण दुःखाचे तिला कानडीतच नीट कळते. सांगावे की, अव्वा, तू पाण्यात सोडलेली चिमूट वाया गेली नाही. ती ह्या दाण्यांनी धरून ठेवली आणि अप्पांनी दाणे जपून ठेवले. तुझ्या लेकराला लावलेली सगळी विभूती यात आहे. खड्डा रिकामा नाही, आता बुजवू दे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, खाडाखोड केलेली नाही. कलम आठ लिहिताना कागदावर एक ठिपका ओला झाला आहे, तो खाडाखोड धरू नये.

ठिकाण : मुरुम
तारीख : १२ ऑगस्ट २०२५

सही
शंभुलिंग कल्याणप्पा कलशेट्टी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सही केली :

१. रेवणसिद्ध स्वामी, राहणार मुरुम. (सही)
२. बलभीम तुकाराम गायकवाड, औषध विक्रेता, राहणार मुरुम. (सही)