अण्णांचं आणि तुझं यकृत

प्रिय छोट्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी भलतंच बोलून ठेवून देते, म्हणून लिहायला बसले. कागदाच्या दोन्ही बाजू भरणार आहे, मागची शाई पुढे उमटली तर चालवून घे. तुझा खोकला हटत नाही आणि सिगारेट सोडायचा विषय निघाला की तू उठून जातोस, असं वहिनी सांगत होती.

अण्णांनी तुला देवासमोर शपथ घ्यायला लावली, ती आठवड्यात मोडली आणि ते सगळ्यांदेखत तुला मनाचा कच्चा म्हणाले. तेव्हापासून तू या घरात पाऊल टाकलेलं नाहीस. त्यांनी स्वतः एका सकाळी सोडली ती सोडलीच, त्याचा तोरा होता. मला मात्र कोडं पडायचं. बाप-लेक एका घरातले, पण ओढायची तऱ्हा किती निराळी! अण्णा शाळेतून आले की अर्धी ओढून थोटूक खिडकीत ठेवायचे आणि पेपर तपासता तपासता विसरून जायचे. तू दुकानात एका पँटला बटणं लावून होईपर्यंत दुसरीसाठी खिसा चाचपायचास. सकाळी तर चूळ भरायच्या आधी पहिली.

आमची सूनबाई इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे, तिथे सध्या याचाच अभ्यास चाललाय. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." मग तिने समजावलं. मी मॅट्रिकला शास्त्रात काठावर पास झालेली, तरी कळलं ते असं. निकोटिन शरीरात गेलं की यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते मोडून टाकतं. कुणाचं विकर सावकाश चालतं, कुणाचं झपाट्याने, आणि ते बरंचसं आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. दोन स्टोव्हांत सारखंच रॉकेल घातलं तरी एक लवकर रिकामा होतो, तसं. ज्याचं लवकर मोडतं त्याला पुढची लवकर हवीशी वाटते, आणि सोडणंही बहुधा जास्त जड जातं. बहुधा हं, ब्रह्मलिखित नव्हे, हे तिने दोनदा बजावलं.

मला राहवेना. आमच्या घरातल्यांची लाळ तपास म्हटलं. अण्णा कुरकुरले, "आता या वयात थुंकायला इस्पितळात जायचं?" पण गेले. निघालं काय, तर अण्णांच्या त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक मंद आहे, आणि ती आली माझ्याकडे. मी जन्मात काडी ओढली ती निरांजनासाठी नाहीतर स्टोव्हसाठी. वारसा अगदी फुकट गेला बघ. तुझ्याकडे काय आलंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही, पण तुझी लक्षणं ऐकून सूनबाई म्हणाली, मामांना मागे सिगारेट सोडायला दंडावर लावायची निकोटिनची पट्टी दिली होती, ती कदाचित पुरलीच नसेल. झपाट्याने मोडणाऱ्यांना पट्टीपेक्षा एका प्रकारच्या गोळ्या जास्त लागू पडतात, असं काही अभ्यासांत दिसलंय म्हणे. मी रोज दिवा लावताना तुझ्या मनाला बळ दे म्हणायचे. यकृताचं नाव घ्यायला हवं हे कुठे ठाऊक होतं?

अण्णांनी तो कागद उत्तरपत्रिकेसारखा वरपासून खालपर्यंत वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग सूनबाईला विचारलं, "म्हणजे मला ग्रेसचे मार्क होते?" ती म्हणाली, "थोडे. बाकीचे तुमचेच, आजोबा."

काल संध्याकाळी माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि तू पुन्हा प्रयत्न करशील का, असं विचारलं. मी म्हटलं, तुमचा मुलगा आहे, तुम्हीच विचारा. तर म्हणाले, "मी विचारलं तर माझ्यावरच्या रागाने आणखी एक पेटवेल. तू लिही." म्हणून हे पत्र. गुरुवारी सूनबाईने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. शपथबिपथ काही नाही. बाहेरच्या बाकावर तुझ्याशेजारी बसायला अण्णा येणार आहेत, कोणता शर्ट घालू म्हणून विचारूनही झालं. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण ते मला कळवू नकोस, त्यांना कळव.

तुझीच,
ताई