चिमणाबाईंचं सोडियम

१७ एप्रिल
आज चूक होता होता राहिली. नाही, चूक झालीच होती. वेळेत सापडली, एवढंच.

उचगावच्या चिमणाबाई, वय बहात्तर, बीपीच्या जुन्या पेशंट. सून अंजना रिक्षातून घेऊन आली. चार दिवस मळमळ, चालताना झोक जातोय, आज तर सुनेलाच विचारलं, तू कोण? बीपी ठीक, साखर ठीक. मी म्हटलं, वय झालंय, असं व्हायचंच. ताकदीचं औषध लिहायला घेतलं.

अंजना उठलीच नाही. "डॉक्टर, माणूस आठ दिवसात म्हातारं होतंय व्हय? गेल्या सोमवारी आत्याबाई म्हशीची धार काढत हुत्या."

पेन थांबलं. केसपेपर उघडला. तीन आठवड्यांपूर्वी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू केलेली — मीच. वर मीठ बंद करा, ऊन आहे, पाणी भरपूर प्या — हेही मीच!

रक्त पाठवलं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १११. हवं एकशे पस्तीसच्या वर. लगेच डॉ. शिवानीच्या हॉस्पिटलात हलवलं.

१८ एप्रिल
आयसीयूत गेलो. गोळी बंद, पाणी मोजून, खारं सलाइन अगदी हळू. मला वाटत होतं भरभर चढवावं. शिवानीनं अडवलं — कधीकाळी माझ्याच राजारामपुरीच्या दवाखान्यात शिकायला बसायची. म्हणाली, सोडियम दिवसात आठच्या वर वाढवायचं नाही सर, मेंदूला इजा होते. दर सहा तासांनी रक्त बघतेय. ११७. हिचे उपकार मोठे.

१९ एप्रिल
१२४. चिमणाबाईंनी सुनेला नावानं हाक मारली. अंजना बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून रडली. चहा आणून दिला. गोळीचं सांगायचं होतं. जमलं नाही.

२२ एप्रिल
१३४. घरी सोडलं. ही गोळी घेणारे माझे साठीपुढचे एकोणतीस पेशंट. सगळ्यांना रक्त तपासायला बोलावतोय. अंजना त्या दिवशी खुर्चीवरून उठली असती तर...

३० एप्रिल
चिमणाबाई आल्या, चालत. दार लावून सांगितलं — ती गोळी माझीच होती, आणि मी वयावर ढकललं.

"ठावं हाय की. शिवानीबाईंनी तवाच सांगितलं. ल्योक म्हणाला, दुसरा डॉक्टर बघू. मी म्हटलं, न्हाय. आता ह्ये डॉक्टर कुणाला म्हातारं म्हणून घालवायचे न्हाईत."

मग बाही वर करून हात टेबलावर ठेवला. म्हणाल्या, बीपी बघा.