घरघटना

२ जून
निकाल लागला. बारावीच्या बाकी सगळ्या विषयांत पास, राज्यशास्त्रात अठ्ठावीस. पस्तीस लागतात. ज्या विषयावर मी मित्रांसमोर तासन् तास बोलतो, त्यातच! तपासणाऱ्याला माझी मतं झेपली नाहीत, दुसरं काय. फेरपरीक्षा १५ जुलैला. बाबा म्हणाले की या वेळी आपटलास तर थेट मामाच्या टायरच्या दुकानात, शिक्षण बंद. मी नुसता हसलो.

३ जून
टाइमटेबल केलं. पंधरा धडे, बेचाळीस दिवस. अडीच दिवसांना एक धडा, वर चार दिवस शिल्लक! चार रंगांची पेनं वापरली. दुपारपर्यंत तेच चाललं, त्यामुळे आजचा अभ्यास झाल्यातच जमा. ‘नागरिकांचे हक्क’ हा धडा ऑप्शनला टाकला. तेवीस पानं आहेत, आणि हक्क काय कोणालाही माहीत असतात.

८ जून
अभ्यास शून्य, पण दोष घराचा. गॅलरीत जायची वाट माझ्या खोलीतून. आई कपडे वाळत घालायला जाते, मग काढायला जाते, मग चिमटा राहिला म्हणून जाते. हॉलमध्ये सोफ्यावर आत्या, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन महिने आमच्याकडेच, आणि तिचा टीव्ही. धाकटी बहीण दहावीत आहे आणि सगळ्यांच्या चुका काढते, म्हणून मी तिला मास्तरीण म्हणतो. ती मोठ्याने पाठांतर करते. अशाने कोण पास होणार? कपाळ माझं.

९ जून, दुपारी २
सुचलं! आमचे सर म्हणायचे की राज्यशास्त्र पाठ करायचं नसतं, जगायचं असतं. घरासाठी राज्यघटना लिहितो. सगळ्यांना शिस्त लागेल, माझा अभ्यासही होईल. एका दगडात दोन पक्षी.

१४ जून
घटना पूर्ण. सात पानं. पाच दिवस पुस्तक उघडायला फुरसत नाही, पण हाच तर अभ्यास. कायदेमंडळ: घरातले पाचही जण, प्रत्येकाला एक मत. मास्तरीण अठराची नाही, तरी तिलाही दिलं. लहान आहे, मी सांगेन तिथे हात वर करेल. सगळे निर्णय साध्या बहुमताने. न्यायालय: आई. हक्कांचं प्रकरण घातलं नाही. तो धडा ऑप्शनला आहे.

१५ जून
एकमताने मंजूर! बाबांनी न वाचताच सही ठोकली, वर विचारलं की हे पाण्याच्या टाकीच्या सफाईचं आहे का. लगेच पहिला कायदा आणला: दहा ते पाच माझ्या खोलीतून कपड्यांची ये-जा बंद. तीन विरुद्ध दोन. आत्याने जाहिराती चालू असताना हात वर केला. मास्तरणीच्या मतासाठी मात्र माझा हेडफोन द्यावा लागला. याला आघाडीचं राजकारण म्हणतात.

१९ जून
घात झाला. मास्तरणीने घटना वाचून काढली. सगळी! अशी कोणी वाचतं का? आज तिने विधेयक आणलं: आत्याला सोफ्यावर पाय लांब करता येत नाही, सबब माझी खोली आत्याला. चार विरुद्ध एक. मी ओरडलो की खोली माझी आहे. तिने विचारलं की कुठल्या कलमानुसार. सातही पानं दोनदा चाळली. खोली माझी असल्याचं कुठेच नाही. या घरात काहीही माझं असल्याचं कुठेच नाही.

२० जून
न्यायालयात गेलो. न्यायालय भांडी घासत होतं. न्यायालयाने विचारलं की तुझा कुठला हक्क मोडला ते दाखव. मी म्हटलं की ते लिहायचं राहिलं. न्यायालय म्हणालं की मग मध्ये उभा राहू नकोस, ते फडकं दे. केस निकाली. सख्खी आई असून!

२७ जून
मुक्काम पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी. मशीन गरगरायला लागलं की माझं टेबल चालायला लागतं. हेडफोन तर आधीच गेला. आत्या माझ्या खोलीत गाढ झोपते. तिच्या उशाशी दिवसभर ओले कपडे जातात, तिला ढिम्म काही नाही. निषेध म्हणून उपोषण केलं. चार वाजता आत्यानेच बोलावलं. मी फक्त चर्चेला गेलो होतो, ताट समोर आलं त्याला मी काय करणार?

१० जुलै
पाच धडे झाले. म्हणजे तीन झाले, दोन चाळले. माझं पुस्तक हल्ली मास्तरणीच्याच हातात असतं. आज म्हणाली की एखादा धडा समजावून सांगू का. दहावीतली पोर मला शिकवणार! माणसाला काही मान आहे की नाही? नको म्हटलं. मग पुस्तकही तिच्याकडेच राहिलं.

१५ जुलै
पेपर झकास. पहिलाच प्रश्न: राज्यघटना कशी तयार होते ते उदाहरणासह लिहा, आठ गुण. उदाहरणासह! अहो, हे तर मी जगलोय. अकरा पानं लिहिली, पुरवण्या जोडल्या. आत्याचा गुडघा, कपड्यांचा कायदा, फितुरी, सगळं घेतलं. घंटा झाली तेव्हा बाकीचे प्रश्न थोडे राहिले होते. फार नाही, चार.

५ ऑगस्ट, सकाळी ११
एकोणीस. त्यातले पंधरा प्रोजेक्टचे. म्हणजे अकरा पानांना चार. रडलो वगैरे नाही. धुण्याची पावडर डोळ्यांत गेली. पण खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. माझाच.

५ ऑगस्ट, संध्याकाळी ७
बाबांनी सभा बोलावली, म्हणे तुझ्या घटनेप्रमाणेच होऊ दे. विषय: टायरचं दुकान की आणखी एक संधी. गुप्त मतदान. मास्तरणीने वहीच्या पानाच्या पाच चिठ्ठ्या केल्या, आत्याचा औषधांचा डबा मतपेटी. सगळे दुकानच लिहिणार याची मला शंभर टक्के खात्री होती. आईने मोजलं. चार ‘संधी’, एक ‘दुकान’.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. आई म्हणाली की पोटच्या पोराबद्दल असं लिहवलं तरी कसं. आत्याने तर त्यांचं लहानपणापासूनचं काढलं. बाबा शपथा घेतायत की मी संधीच लिहिलं. अजून स्वयंपाकघरात बोलणी खातायत बिचारे.

‘दुकान’ मी डाव्या हाताने लिहिलं होतं.

चार विरुद्ध एक. अपील नाही. उद्यापासून पुन्हा पंधरा धडे.