मामा तलावाची दोन टिंबे

दि. १९ मे २०२५, सोमवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
मु. आमटोला, ता. पोंभुर्णा. तलावाच्या पाळीवर, पोकलेन मशीनच्या सावलीत बसून लिहीत आहे. (सावली अजून आलेली नाही. सूर्य वर आला की येईल, म्हणून जागा धरून ठेवली आहे.)

तीर्थस्वरूप श्रीहरी मामांच्या पायांशी भाचा प्रफुल याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आई बरी आहे, तिचा गुडघा बरा आहे, म्हैस बरी आहे. मी बरा नाही, पण त्याचे कारण पुढे येईल. तुमची साखर आता कशी आहे? रंजीता मामींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? भद्रावतीला कॉलनीत नळाने पाणी येते, त्यामुळे तलाव या वस्तूशी तुमचा काहीही संबंध नाही, हे मी जाणतो. तो पुढेही येऊ नये अशी माझी इच्छा होती. पण शुक्रवारपासून तो आला आहे, आणि माझ्यामुळे आला आहे. शनिवारी फोनवर मी हे सांगायला घेतले, पण घाबरलो की बोलताना माझे शब्द उलटेसुलटे होतात आणि तुम्ही फोन ठेवलात (रेंज गेली असावी). लिहिताना माझे शब्द उलटेसुलटे होत नाहीत, असे मी तलावाचा फलक लिहून घेईपर्यंत समजत होतो.

झाले असे. आमच्या तलावात पाण्यापेक्षा गाळ जास्त झाला आहे. मागच्या साली धान निसवून लोंबी धरायच्या वेळीच पाणी आटले आणि पाटाच्या अगदी शेवटी ज्यांची धानाची बांधी आहे त्या मुखरूभाऊंच्या हाती धानाऐवजी दाणा नसलेली तणस आली. यंदा शासनाच्या योजनेत आमचा तलाव बसला. मशीन आणि डिझेल शासनाचे, गाळ उचलून शेतात टाकायचा गावकऱ्यांनी. तलाव खोल होतो, शेताला फुकटात खत मिळते, रासायनिक कमी लागते, म्हणजे निसर्गाचेही भले. अट एकच, तलाव सरकारी पाहिजे. खासगी तलावाला ही योजना नाही. (ही अट मी स्वतः ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.)

अकरावीत माझी शाळा सुटली तरी शुद्धलेखन सुटले नाही, म्हणून सरपंच चंदाबाईंनी कामाचा फलक लिहून घ्यायचे माझ्याकडे दिले. वरून चिठ्ठी आली, तीत लिहिले होते : मा.मा. तलाव, गाळ काढणे. दोन्ही 'मा' पुढे एकेक टिंब होते. मामा, मी त्या चिठ्ठीकडे बराच वेळ पाहिले. ती आमच्या घरी दिव्याखाली पडली होती आणि आमच्या घरच्या माश्या कागदावर काय काय करतात हे तुम्ही पाहिलेले आहे. ती टिंबे मला माशीची वाटली. ती मी सोडून दिली. उरले 'मामा तलाव'. हे तर सगळे गाव लहानपणापासून म्हणते, पण म्हणताना चालते, लिहिताना चालत नाही. विभक्ती कुठे आहे? मोठ्या माणसाचे नाव आदराशिवाय कसे लिहायचे? कोण्या एका काळी कोण्या मामांनी हा तलाव खोदला असेल आणि आपण त्यांना साधा 'चा' देऊ नये? मी पेंटर झिंगूकडून हातभर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहून घेतले : मामांचा तलाव. अनुस्वार मी स्वतः बोट दाखवून त्याच्याकडून द्यायला लावला.

शुक्रवारी पाहणीच्या मॅडम आल्या. नवीन आहेत, साताऱ्याकडच्या. मशीन आदल्या दिवशीच उतरले होते, ट्रॅक्टर रांगेत लागले होते, गावातल्या भागीरथाबाईंनी मशीनला हळदकुंकू लावून नारळही फोडला होता. मॅडम गाडीतून उतरल्या आणि सरळ फलकापुढे जाऊन थांबल्या.

"हा तलाव मामांचा आहे?"

"हो जी मॅडम," चंदाबाई म्हणाल्या, "आजापंज्यापासून मामा तलावच म्हनतेत याले."

"म्हणजे खासगी?"

"नाई जी, साऱ्या गावाचा होय."

"मग हे मामा कोण?"

यावर सगळ्यांनी मुखरूभाऊंना पुढे केले. ते म्हणाले, "असन जी कोनी. माह्या आज्याले बी तो मामाच लागे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. फलक तुम्हीच लिहून घेतला ना, असे विचारून त्यांनी जोरात म्हटले, "मामांचं नाव सांगा."

मामा, मला कोणी दरडावून मामाचे नाव विचारले तर माझ्या तोंडून एकच नाव निघणार. दुसरे मला माहीत नाही. मी म्हणालो, श्रीहरी लटारूजी पिंपळशेंडे, राहणार भद्रावती. मॅडम लिहीत होत्या म्हणून 'पिंपळशेंडे'मधला 'शें' अनुस्वारासह आहे हेही सांगितले. (पिनकोडही सांगितला. तो त्यांनी विचारला नव्हता.) त्यांनी कागदावर तुम्हाला तलावाचे मालक म्हणून नोंदवले, माझी साक्षीदार म्हणून सही घेतली आणि काम थांबवले. ट्रॅक्टर रिकामे परत गेले. नारळाचा प्रसाद मात्र सर्वांनी खाल्ला होता, तो परत करता येत नव्हता.

संध्याकाळी मी माझ्या जुन्या शाळेच्या भैयाजी गुरुजींकडे गेलो. त्यांनी ऐकून कपाळावर हात मारला. म्हणाले, "अरे गाढवा, पहिला मा म्हंजे माजी, दुसरा मा म्हंजे मालगुजारी. मालगुजार म्हंजे जुने जमीनदार, ते गेले, तलाव सरकारजमा झाले. इथी मामा कोनीच नाई!" म्हणजे ती टिंबे माशीची नव्हती, सरकारची होती. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. खरे असेलही म्हणाल्या, पण तुम्ही नाव दिले, गाव दिले, पिनकोड दिला. नसलेल्या माणसाला पिनकोड नसतो. जिल्ह्याहून जुने कागद यायला महिना जाईल. तोवर एकच मार्ग. गुरुवारी त्या परत येणार आहेत. नोंदवलेल्या मालकाने समोर उभे राहून या तलावावर माझा हक्क नाही असे लिहून दिले तर तासाभरात मशीन सुरू. नाही दिले तर मशीन त्याच दिवशी दुसऱ्या गावाला.

तेव्हापासून मी गावात खाली मान घालून चालतो. हापशीवर भागीरथाबाई सर्वांसमोर म्हणतात, "काऊन रे प्रफुल, म्हशीले पानी पाजाचं होतं, तुह्या मामाले फोन लावून इचार ना!" मशीनचा ऑपरेटर दर तासाला विचारतो, "भैया, मामाजी कब आएंगे?" काल दुपारी आभाळ भरून आले तेव्हा मी पाळीवर उभा राहून ढग मोजले. एक मोठा पाऊस झाला की गाळाचा चिखल होतो आणि मशीन आत उतरत नाही. मुखरूभाऊ तेवढे टोमणे मारत नाहीत, ते जास्त जड जाते. रोज सकाळी येऊन माझ्याशेजारी पाळीवर बसतात आणि आभाळाकडे पाहतात. आजही बसले आहेत. आत्ताच म्हणाले, "औंदा बी पानी नाई पुरलं त मी चाललो तेलंगनात मिरच्या तोडाले." त्यांचे वय साठीच्या पुढे आहे, मामा. वाकून मिरच्या तोडायचे हे वय नाही. मी लिहिणे थांबवून त्यांच्यासोबत आभाळाकडे पाहिले. शुद्ध बोलून उपयोग नव्हता.

मामींना नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे. आईने मोहफुले वाळवून ठेवली आहेत, आलात की देते म्हणाली आहे.

आपला आज्ञाधारक (आणि साक्षीदार),
प्रफुल

ता. क. : मुख्य विनंती लिहायची राहिली. गुरुवारी आधार कार्ड घेऊन यावे आणि मॅडमसमोर फक्त 'नाही' म्हणावे. मजकूर मी लिहून ठेवला आहे. टिंबांसहित.

ता. क. दुसरा : फोनची रेंज गेली नव्हती, हे मलाही माहीत आहे. तलाव तुमच्या नावावर लागला असे मी रडवेल्या आवाजात सांगितले तेव्हा तुम्ही विचारलेत, "किती एकर?" त्यानंतर विचारलेत, "मासोळ्या आहेत का?" मासोळ्या आहेत. पण त्या माजी मालगुजारी आहेत.

ता. क. तिसरा, सकाळी नऊ वाजता : पाकीट चिकटवले आणि मामींचा फोन आला. तुम्ही आजच पहिल्या गाडीने निघालात, पांढरा सदरा घातला आहे आणि घरातला मोजायचा मोठा टेप सोबत घेतला आहे, असे त्या म्हणाल्या. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता पोंभुर्ण्याच्या स्टँडवर तुमच्या हातात देत आहे. मुखरूभाऊ माझ्यासोबत आले आहेत, ते तुम्हाला काही म्हणणार नाहीत. पत्र बाकावर बसून पूर्ण वाचावे, मगच टेप काढावा.

हिशेब : पाकीट पाच रुपये, वाया गेले. झिंगू पेंटरचे देणे तुमच्या उत्तरावर आहे. तुम्ही 'नाही' म्हणालात तर 'चा' खोडून दोन टिंबे द्यायचे साठ रुपये (अनुस्वार तो फुकट खोडतो). 'हो' म्हणालात तर तुमचे पूर्ण नाव लिहायचे दोनशे दहा.

मी साठच आणले आहेत.