घंटी नसलेलं मशीन

मास्तर,

मागच्या भिंतीशी असलेल्या मशीनवर टायपिंग शिकलेल्या आम्हा सगळ्यांची तुमच्याविरुद्ध एकच तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही. त्या मशीनला घंटी नव्हती. बाकीच्या मशीनवर ओळ संपत आली की टिणकन वाजायचं, मग दांडी ओढून नवी ओळ सुरू करायची. आमच्या मशीनवर काहीच वाजायचं नाही. तुमच्या अमरावतीच्या क्लासात कोणी कुठे बसायचं हे म्हणे ठरलेलं नव्हतं. तरी दर वर्षी तिथे आमच्याच वस्तीतलं कोणीतरी बसलेलं असायचं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतून देव गेले, पुस्तकं आली, सरकारी नोकरीच्या आशेने पहिली पिढी तुमचा जिना चढू लागली. मशीन मात्र आमच्या वाट्याला तेच राहिलं.

मी तेव्हाही गप्प बसणारा नव्हतो. तुम्ही मागे उभे आहात, हातात लाकडी पट्टी, सदऱ्याच्या बाहीला रिबनची शाई. बटणं दिसू नयेत म्हणून माझ्या हातांवर फडकं टाकलेलं. मी विचारतो, "मास्तर, हे मशीन आमालेच काहून?" पुढच्या मशीनवरचा शेंदूरजन्याच्या संत्रा बागायतदाराचा मुलगा हसतो, "झालं, याचं भाषण सुरू झालं." तुम्ही त्याच्याकडे पाहतही नाही. "त्यायले घंटी आहे," तुम्ही म्हणता, "तुले मी आहो. नजर वर." आणि ओळ संपायला थोडी अक्षरं उरली की माझ्या उजव्या खांद्यामागे, बाकाच्या कडेवर, पट्टीची टक् येते. मी दांडी ओढतो. पुन्हा टक्. सगळा तास तुम्ही तिथून हलत नाही, चहासुद्धा उभ्यानेच पिता. मी मनात म्हणायचो, मेहेरबानी नको, घंटी दुरुस्त करा. आजही तेच म्हणतो. दया करणाऱ्याला उभं राहायला जागा मिळावी म्हणून अन्याय शिल्लक ठेवायचा, ही रीत मी पुढे कितीतरी सभांतून उघडी पाडली. तिचं मी पाहिलेलं पहिलं उदाहरण तुम्ही होतात.

परीक्षा अकोल्याला होती. तिच्या आधीच्या उन्हाळ्यात मी क्लासच्या जिन्याखाली सायकल लावली तर वर कुलूप. शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "मास्तर गेले ना बावा. तापानं गेले." मी तसाच परत फिरलो. पास झालो तर कचेरीत टायपिस्टची जागा, नापास झालो तर बापाबरोबर जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हॉलमध्ये रांगेने मशीनं होती आणि सगळ्यांना घंट्या होत्या. माझ्याही. पण तुमच्या क्लासात मी दुसऱ्यांच्या घंट्यांकडे लक्ष न द्यायला शिकलो होतो; आपली घंटी कशी वाजते हे मला माहीतच नव्हतं. चहूकडे टिण टिण चाललेलं आणि माझी ओळ तशीच पुढे. एकदम बटणं अडली. समास संपला होता. दांडी ओढली, पुढच्या ओळीलाही तेच झालं. आणि त्यानंतरच्या ओळीला उजव्या खांद्यामागे टक् झाली. मी शेवटच्या रांगेत होतो, मागे नुसती भिंत. परीक्षक समोर खुर्चीत. वळून पाहायला वेळ नव्हता आणि छातीही नव्हती. कागद संपेपर्यंत टक् येत राहिली. मी पास झालो.

भूतप्रेत मानू नका, हे मी लोकांना जन्मभर सांगत आलो. मी मानत नाही. पण ती टक् गेली नाही. कचेरीत ती होती, पुढे व्यासपीठावरही आली. वाक्य संपत आलं की खांद्यामागे ती यायची, मी थांबायचो, आणि लोक म्हणायचे, काय थांबतो हा माणूस, अंगावर काटा येतो. ते थांबणं माझं नव्हतं.

आता काचबिंदूने डोळे जवळजवळ गेले आहेत. घरचे म्हणतात, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. माझे शब्द दुसऱ्याच्या हातून उतरणं मला मरणासारखं वाटतं. लिहून घेणारा त्यांची धार नकळत बोथट करतो. म्हणून संगणक शिकायला गेलो. पडद्यावरचा बाण दिसेना. शिकवणारी चांदूर बाजारची पोरगी म्हणाली, "बाबा, तुमची बोटं तं न पाहताच चालून राहिली. मंग त्या माउसच्या मागं कायले लागता? सोडा त्याले." तिने बोटं धरून दाखवलं. ऑल्ट दाबून टॅब मारला की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. कंट्रोल आणि होम, की मजकुराच्या माथ्यावर. कंट्रोल आणि एस, की लिहिलेलं जपलं गेलं. कुठे आलो ते यंत्र कानात सांगतं. हात उचलायचाच नाही. दुपारभरात हे सगळं बोटांत बसलं.

"कोनी शिकवलं हो तुमाले?" तिने विचारलं.

"होते एक मास्तर."

"लय चांगले असतीन."

"अन्यायी होते."

"मंग त्यायचा पत्ता द्या," ती म्हणाली, "माह्या बाकीच्या पोरायले पाठवतो."

पण मास्तर, या यंत्रात ओळ संपतच नाही. कडेला आली की आपोआप खाली उतरते. दांडी नाही, समास अडवत नाही, आणि टक् नाही. इथे लिहायला लागल्यापासून तुम्ही एकदाही आला नाहीत. व्यासपीठावरही नाही. मागच्या सभेत मी न थांबता बोलत गेलो आणि माणसं लवकर उठली. जिच्यापासून सुटका हवी होती ती गेली, आणि माझी बोटं ओळीच्या मध्येच कुठेतरी थांबून राहतात, पुढचं वाक्य सुचलेलं असूनही.

एका खिडकीत हे पत्र आहे, दुसरीत उद्याचं भाषण, अर्धं. ऑल्ट आणि टॅब, मी इकडून तिकडे जातो आणि दोन्हीकडे अडतो. हे मी कुठे छापायला देणार नाही, कोणाला वाचून दाखवणार नाही. तक्रार मागे घेतली असं लोकांना वाटेल, आणि मी ती मागे घेत नाही. घंटी दुरुस्त करायला हवी होती. एक गोष्ट मात्र कबूल करतो. आज घरात कोणी नाही, आणि मी खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढून बसलो आहे, मागे एक माणूस उभा राहू शकेल इतकी.

पट्टी वाजवा, मास्तर.